माळावर दिसलेला तो धाविकच

माळावर दिसलेल्या पक्ष्याचा फोटो पाठवून हा कोणता आणि एरवी तो दिसत का नाही, असं तुम्ही विचारलंत. टिटवीच्या अंगलटीचा पण तपकिरी, ताठ उभा राहणारा आणि जवळ गेलं की उडण्याऐवजी पळत सुटणारा पक्षी म्हणताय, म्हणजे हा धाविकच. फोटोत पाय पांढुरके दिसतायत, तिथेच तशीच तपकिरी दिसणारी माळटिटवी बाद. तिचे पाय पिवळेधमक असतात. धाविकाचा माथा तांबूस, डोळ्यातून मागे जाणारी काळी पट्टी आणि तिच्यावर पांढरी भुवई. पाठमोरा असेल तर नीट बघा, दोन्हीकडच्या पट्ट्या मानेमागे येऊन मिळतात.

दिसत नाही ही तक्रार रास्त आहे, पण दुर्बीण माळभर फिरवून काही हाती लागत नाही. आधी नुसत्या डोळ्यांनी हालचाल टिपायची. तुरुतुरु चार पावलं धावणं, एकदम थांबणं, वाकून किडा उचलणं, परत ताठ. थांबला की ढेकळांत ढेकूळ! गुरांनी चरून खुरटलेलं गवत, पडीक रान, नांगरट अशाच जागा धुंडाळा.

पक्षी दूर न जाता समोरच घुटमळत असेल तर मात्र आल्या पावली मागे फिरा. घरटं असं नसतंच, उघड्या जमिनीवर दोन-तीन अंडी असतात आणि ती पायाखाली येईपर्यंत कळत नाहीत. माळावर गाड्या घालणाऱ्यांबद्दल न बोललेलंच बरं.

आणि जेर्डनचा धाविक ही दुसरी जात, ती वेगळी बरं का. तो १९०० नंतर थेट १९८६ मध्ये आंध्रच्या कडप्पा भागात पुन्हा सापडला. तो झुडपी रानातला, रात्री फिरणारा. भरदिवसा उघड्यावर दिसलेला तो नव्हे.