प्रतिसाद: अंदाजपत्रकात नागरिकांचा सहभाग
महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून सूचना मागवणे हा निव्वळ उपचार आहे, असे मत मांडले गेले आहे; त्याच्याशी मी निम्माच सहमत आहे. पुणे महापालिकेने २००६ च्या सुमारास नागरिकांच्या सहभागाने अंदाजपत्रक करण्यास सुरुवात केली, तेव्हा कागदोपत्री तरी उद्देश चांगला होता: क्षेत्रीय कार्यालयातून अर्ज घ्यायचा, काम आणि त्याची नेमकी जागा लिहायची, मग अभियंत्यांनी खर्चाचा अंदाज काढायचा आणि प्रभाग समितीने (म्हणजे त्या भागातील नगरसेवकांच्या समितीने) निवड करायची. अडचण निराळीच आहे. एका कामाला साधारण ५ लाखांची मर्यादा असल्यामुळे अर्जांत बाके, दिशादर्शक फलक, पदपथाची डागडुजी हेच येत राहते. पाणीपुरवठा किंवा सांडपाणी यांसारखे मोठ्या खर्चाचे विषय त्या अर्जात मावतच नाहीत. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ पासून लोकांनी आपल्या वस्तीच्या सभेत स्वतः प्राधान्यक्रम ठरवला आणि प्रतिनिधीही निवडले, आपल्याकडे मात्र निवडीचा टप्पा नागरिकाच्या गैरहजेरीत पार पडतो. त्यामुळे निदान नामंजूर सूचना कारणासह प्रभागनिहाय प्रसिद्ध कराव्यात, अशी मागणी लावून धरली पाहिजे. त्याला वेगळा निधीही लागत नाही.