मदत हवी आहे: भाऊजींच्या इग्वानाचं काय करायचं?

धाकट्या दिरांनी हौसेनं आणलेलं हिरव्या इग्वानाचं (परदेशी जातीच्या मोठ्या सरड्याचं) वीतभर पिल्लू आता शेपटीसकट चार फुटांचं झालंय. (ही जात दीड मीटरच्या पुढे जाते, हे दुकानदार कशाला सांगेल!) वयात आलेला नर, जवळ गेलं की शेपटीचा फटकारा, परवा तर चावलाच, टाके पडले. त्यात घरात रांगतं बाळ, आणि याच्या विष्ठेतून साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू पसरू शकतो. भाऊजी म्हणतात, तळ्याकाठी सोडून देऊ. मला ते अजिबात पटत नाही. असे परदेशी प्राणी पाळण्याबाबतच्या २०२४च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करायची नोंदणीही राहिलीय. आता वनखात्याकडे स्वतःहून गेलो तर कारवाई होते का? पुण्यात असा प्राणी रीतसर कोण ठेवून घेतं? तोवर याला हाताळायचं कसं?