प्रबंधातील निष्कर्ष ‘मोघम’ ठरतो. वाक्य नेमके कसे करावे?

प्रश्न (पदव्युत्तर_स्थापत्य)

नमस्कार. मी फ्लाय ॲशयुक्त (कोळसा जाळल्यावर उरणारी बारीक राख मिसळलेल्या) काँक्रीटवर इंग्रजीत प्रबंध लिहीत आहे. निष्कर्षाच्या प्रकरणातील मुख्य वाक्याचा आशय असा : ‘३० टक्के फ्लाय ॲश वापरल्याने एम ३० दर्जाच्या काँक्रीटच्या स्ट्रेंथमध्ये लक्षणीय सुधारणा झाली.’ मार्गदर्शकांनी ‘मोघम’ एवढाच शेरा मारून प्रकरण परत दिले. व्याकरण तपासले, वाक्य छोटे केले, तरी शेरा कायम आहे. आणखी काय बदलावे?

उत्तर (खडी_वाळू)

व्याकरणाला हात लावू नका. वाक्यात मोजमापच आलेले नाही. ३० टक्के कशाचे? सिमेंटच्या वजनापैकी ३० टक्के काढून तेवढीच फ्लाय ॲश घातली असेल तर गोष्ट वेगळी. सिमेंट तेवढेच ठेवून वर फ्लाय ॲश घातली असेल, तर पाणी तेवढेच राहूनही पाणी-बाइंडर गुणोत्तर (बाइंडर म्हणजे सिमेंट आणि फ्लाय ॲश मिळून) घटते आणि वाढीचे सगळे श्रेय फ्लाय ॲशला देता येत नाही. स्ट्रेंथ कोणती, कॉम्प्रेसिव्ह (दाबाखालची) की फ्लेक्शरल (वाकवतानाची), हेही वाक्यात नाही.

मात्र सर्वांत मोठी उणीव वयाची, म्हणजे काँक्रीट ओतल्यापासून किती दिवसांनी चाचणी केली याची आहे. सिमेंटच्या हायड्रेशनमधून (पाण्याशी होणाऱ्या अभिक्रियेतून) सुटणाऱ्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडशी फ्लाय ॲशची अभिक्रिया संथपणे होते, त्यामुळे असे काँक्रीट ७ दिवसांना बहुधा मागे असते आणि ५६ किंवा ९० दिवसांपर्यंत बरोबरी साधते, कधी पुढेही जाते. म्हणजे तुमचे वाक्य एकाच मिश्रणाबाबत एका वयाला खरे आणि दुसऱ्या वयाला खोटे ठरू शकते. ‘लक्षणीय’ काढून तिथे आकडा ठेवा. सांख्यिकी चाचणी केली असेल, तरच तो शब्द तिच्या नावासह ठेवावा.

उत्तर (क्यूब_टेस्ट)

वरील मताशी सहमत. तुलना कशाशी केली, हेही पाहा. आयएस ४५६:२००० या काँक्रीटविषयीच्या भारतीय मानकानुसार एम ३० मधील ३० हा आकडा वैशिष्ट्यपूर्ण सामर्थ्याचा, म्हणजे २८ दिवसांच्या चाचणीत ज्याखाली ५ टक्क्यांपेक्षा जास्त निकाल येऊ नयेत असा आहे; तो सरासरीचा नव्हे. प्रमाण विचलन (निकालांच्या विखुरलेपणाचे माप) ५ मेगापास्कल धरल्यास अपेक्षित सरासरीच ३० + १.६५ × ५ = ३८.२५ मेगापास्कल होते. मग क्यूबची (चाचणीसाठी ओतलेल्या काँक्रीटच्या घनांची) सरासरी ४१ आली म्हणून ‘३७ टक्के वाढ’ लिहिणे (असे प्रबंध मी वाचले आहेत) निव्वळ दिशाभूल आहे. तुलना त्याच वयाच्या, फ्लाय ॲश नसलेल्या मिश्रणाशी करा.

दशांश स्थळांनाही आवर घाला. १५० मिमी क्यूबचे क्षेत्रफळ २२,५०० चौरस मिमी असते, म्हणून भारातील १० किलोन्यूटनचा फरक सुमारे ०.४४ मेगापास्कल होतो. यंत्राचे लघुत्तम माप १० किलोन्यूटन असेल, तर ४१.३७८ मधील शेवटचे दोन अंक कॅल्क्युलेटरचे आहेत, काँक्रीटचे नाहीत.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. सिमेंटच्याच जागी फ्लाय ॲश घातली असून पाणी-बाइंडर गुणोत्तर ०.४५ कायम ठेवले. प्रत्येक मिश्रणाचा एकच घाणा (एका वेळी कालवलेला माल) आणि प्रत्येक वयाला ३ क्यूब. वाढ फक्त ५६ दिवसांना दिसली. आता सुरक्षिततेसाठी प्रत्येक वाक्यात ‘असे दिसते’, ‘शक्यता आहे’ घालू का?

उत्तर (खडी_वाळू)

नको, त्याने प्रकरण पुन्हा मोघम होईल. जे मोजले ते ठामपणे लिहा : ‘सिमेंटच्या वजनापैकी ३० टक्के जागी फ्लाय ॲश वापरलेल्या आणि ०.४५ पाणी-बाइंडर गुणोत्तर असलेल्या मिश्रणाची ५६ दिवसांची सरासरी कॉम्प्रेसिव्ह स्ट्रेंथ अमुक मेगापास्कल होती. फ्लाय ॲशविरहित मिश्रणाची तमुक.’ कारण मात्र तुम्ही मोजलेले नाही. कॅल्शियम हायड्रॉक्साइड किती उरले हे तपासले नसेल, तर अभिक्रियेचा उल्लेख ‘संभाव्य कारण’ म्हणूनच यावा.

उत्तर (क्यूब_टेस्ट)

एका घाण्यातील ३ क्यूब हे ३ स्वतंत्र प्रयोग नव्हेत. त्यांच्यातील फरकातून त्या घाण्याची एकसमानता आणि चाचणीतील विखुरलेपणा कळतो. पुन्हा घाणा केल्यास काय येईल, ते कळत नाही. ही मर्यादा निष्कर्षाच्या वाक्यालगतच लिहा, परिशिष्टात नको. शिवाय तिन्ही क्यूबचे आकडे तक्त्यात द्या, कारण आयएस ४५६ नुसार एखादा निकाल सरासरीपासून १५ टक्क्यांहून अधिक दूर गेला, तर तो नमुनाच ग्राह्य राहत नाही आणि केवळ सरासरी पाहून परीक्षकांना ते तपासता येणार नाही.