केस भादरू नका, आणि जूनला सांभाळा

उन्हाळा लागला की मॅलाम्यूटचे (बर्फाळ अलास्कातली दाट केसांची कुत्र्याची जात) केस मशीनने पूर्ण उतरवा आणि कूलर लावा, असा सल्ला काहीजण देतात. कृपा करून कोणी असं करू नका. वरचे राठ केस ऊन अडवतात. ते काढले तर कातडी भाजते, आणि पुन्हा येणारे केस बरेचदा धड येतही नाहीत. काढायची ती आतली लोकर, तीही रोज विंचरून. आमच्या भालूची मार्चमध्ये टोपलंभर निघते.

कूलर लावला की भागतं, हेही अर्धंच खरं. मे महिन्यात ४५-४६ अंशांत हवा कोरडी असते, तेव्हा कूलर चांगलं काम करतो. खरा धोका जूनमध्ये, पाऊस लांबला की. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकून थंड होतो, आणि दमट हवेत ना कूलर चालत ना धाप. मागच्या जूनमध्ये संध्याकाळी लाइन गेली आणि तासाभरात भालूच्या हिरड्या विटेसारख्या लाल, लाळेची चिकट तार, मागचे पाय उचलेनात. दवाखाना ४० किलोमीटर. आधी गाडी काढली असती तर तो वाटेतच गेला असता. पोटावर, जांघेत विहिरीचं पाणी ओतत राहिलो, बायकोने सुपाने वारा घातला, धाप उतरल्यावरच निघालो. ओलं पोतं मात्र अंगावर पांघरून ठेवू नका, आतली उष्णता कोंडते.