टाकीतल्या निळ्या पाण्यावरून सोसायटीच्या ग्रुपवर झालेली चर्चा

ए-६०३ : सेक्रेटरी साहेब, नमस्कार. पार्किंगखालची टाकी धुऊन भरल्यानंतर आपण टाकलेले फोटो पाहिले. साफसफाई उत्तम झाली आहे, त्याबद्दल कमिटीचे आभार. परंतु दुसऱ्या फोटोत पाणी स्पष्टपणे निळसर दिसते आहे. ठेकेदाराने पाण्यात काही औषध सोडले आहे का, हे कृपया विचारून कळवावे. घरात लहान मुले आहेत.

सेक्रेटरी : ठेकेदाराशी बोलणे झाले. भिंती धुताना क्लोरीनचे द्रावण वापरले होते आणि ते पाणी पूर्ण उपसून टाकले. आता टाकीत फक्त पालिकेचे पाणी आहे.

बी-४०२ : एवढी काळजी करण्याचे कारण नसावे. समुद्र निळा दिसतो तो आकाशाचे प्रतिबिंब पडते म्हणून, असे आपण शाळेत शिकलो आहोत. टाकीचेही तसेच काहीतरी असेल.

सी-२०१ : बी-४०२, आपली टाकी पार्किंगच्या स्लॅबखाली आहे. तिचे झाकण दोन फुटांचे असून त्यातून गाड्यांची चाके आणि छताचा पाइप एवढेच दिसते. तिथे आकाश येणार कुठून? फोटो तर झाकणातून सोडलेल्या दिव्याच्या उजेडात काढलेला आहे. प्रतिबिंबाचा प्रश्नच उद्भवत नाही, तरीही पाणी निळे दिसते. म्हणजे निळेपणा पाण्याचा स्वतःचा असला पाहिजे.

ए-६०३ : सर, आपण कॉलेजात फिजिक्स शिकवले आहे म्हणून विचारते. तो एलईडी दिव्याचा रंग असू शकत नाही का? त्या दिव्यांचा उजेड निळसरच असतो.

सी-२०१ : शंका रास्त आहे. फोटो मोठा करून पाहा. पाण्याच्या वरच्या, कोरड्या टाइल्स पांढऱ्या दिसतात, पहिल्या दोन ओळी पाण्याखाली असूनही जवळजवळ पांढऱ्याच आहेत, आणि तळाकडे जाताना मात्र त्याच टाइल्स निळ्या होत गेल्या आहेत. दिवा दोषी असता तर सर्व ओळी सारख्याच निळ्या दिसल्या असत्या.

पाणी तांबडा प्रकाश शोषून घेते. पाण्याच्या रेणूतील ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांचे बंध सतत कंप पावत असतात. या कंपनाची मुख्य वारंवारता डोळ्यांना न दिसणाऱ्या, तांबड्यापलीकडच्या अवरक्त भागात असली, तरी तिच्या पटींतील क्षीण कंपने दृश्य प्रकाशाच्या तांबड्या टोकापर्यंत पोहोचतात आणि तेवढा प्रकाश गिळतात. हे शोषण फार दुबळे आहे, म्हणून बादलीत किंवा पेल्यात ते डोळ्यांना जाणवत नाही. आपली टाकी सुमारे तीन मीटर खोल आहे. ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाश तळापर्यंत पोहोचेपर्यंत एक तृतीयांशाच्या आसपास उरतो, आणि तळावरून परत वर येताना त्याचा आणखी तेवढाच ऱ्हास होतो; ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश मात्र तळापर्यंत पोहोचेपर्यंत शंभरातले सत्त्याण्णव भाग शाबूत राहतो. पांढऱ्यातून तांबडा वजा झाला की जे उरते, तेच आपल्याला फोटोत दिसत आहे. ज्यात हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम, म्हणजे हायड्रोजनचाच जड प्रकार, असते ते जड पाणी लांब नळीत भरून पाहिले, तर ही छटा दिसत नाही, कारण जड अणूंमुळे कंपने मंदावतात आणि शोषण अवरक्त भागात सरकते. रंगाचे मूळ रेणूच्या कंपनात आहे, याचा यापेक्षा सरळ पुरावा मला माहीत नाही.

बी-४०२ : सर, टाकीचे पटले. पण समुद्राच्या बाबतीत प्रतिबिंबाचे स्पष्टीकरण साफ चुकीचे कसे म्हणता येईल? ढगाळ दिवशी समुद्र करडा दिसतो, हे आपण गच्चीवरून रोज पाहतो.

सी-२०१ : साफ चुकीचे नाही, अपुरे आहे. पृष्ठभागावरून आकाश परावर्तित होते, यात वाद नाही, आणि तिरक्या नजरेने दूर क्षितिजाकडे पाहताना तर बहुतांशी तेच दिसते. आपल्या मताच्या बाजूने फार मोठे नाव आहे, हेही सांगतो. आकाशाच्या निळाईचे गणित मांडणारे लॉर्ड रॅली यांनीच असे म्हटले होते, की खोल समुद्राचा निळा रंग म्हणजे परावर्तित आकाश आहे.

त्याला आव्हान दिले चंद्रशेखर वेंकट रामन यांनी, आणि तेही मुंबईला येणाऱ्या बोटीवर. १९२१ च्या उन्हाळ्यात ते ऑक्सफर्ड येथील विद्यापीठांच्या परिषदेसाठी इंग्लंडला गेले होते. परतताना ‘नारकुंडा’ या बोटीच्या डेकवरून त्यांनी भूमध्य समुद्राची गडद निळाई पाहिली आणि खिशातल्या निकोल प्रिझममधून, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या स्फटिकातून, ती तपासली. पाण्यावरून सुमारे ५३ अंशांच्या कोनात परावर्तित होणारा प्रकाश जवळजवळ पूर्णपणे ध्रुवीभूत, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा, असतो, त्यामुळे प्रिझम योग्य दिशेने फिरवले की ते परावर्तन नाहीसे करता येते. रॅली यांचे म्हणणे बरोबर असते तर परावर्तन विझवल्यावर समुद्र काळा किंवा निदान फिका दिसायला हवा होता. प्रत्यक्षात तो अधिकच निळा दिसला. बोट मुंबई बंदरात असताना, २६ सप्टेंबर १९२१ या तारखेने, त्यांनी ‘नेचर’ नियतकालिकासाठी याविषयीचे टिपण लिहिले. पाण्याचे रेणू प्रकाश कसा विखुरतात, या प्रश्नाचा पाठपुरावा त्यांनी कलकत्त्यात पुढे चालू ठेवला आणि त्यातूनच २८ फेब्रुवारी १९२८ रोजी रामन परिणामाचा शोध लागला, ज्यासाठी १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या टिपणाखाली आपल्या बंदराचे नाव आहे, हे मुंबईकरांना फारसे ठाऊक नसते याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

एक भर घालतो. रामन यांनी रेणूंकडून होणाऱ्या विकिरणावर, म्हणजे प्रकाश विखुरण्यावर, अधिक भर दिला होता. रंग ठरवण्यात मुख्य वाटा तांबड्याच्या शोषणाचा आहे, असे आता मानले जाते. मात्र खोल समुद्राला पांढऱ्या टाइल्सचा तळ नसतो, तेव्हा आत शिरलेला प्रकाश आपल्या डोळ्यांकडे परत फिरवण्याचे काम विकिरणच करते. दोन्ही कारणे एकत्र लागतात.

सी-१०४ : सर, मुलगी सातवीत आहे आणि हे सगळे वाचून तिने विचारले आहे, की आकाशही याच कारणाने निळे दिसते का? आणि जांभळे का दिसत नाही?

सी-२०१ : तिला माझ्यातर्फे शाबासकी द्यावी. आकाशाचे कारण वेगळे आहे. हवेचे रेणू दृश्य प्रकाश जवळजवळ शोषतच नाहीत. ते त्याला चहूकडे विखुरतात, आणि तरंगलांबी जितकी आखूड तितके हे विखुरणे अधिक, तेही चौथ्या घाताच्या प्रमाणात. म्हणून ४०० नॅनोमीटरचा जांभळा प्रकाश ७०० नॅनोमीटरच्या तांबड्यापेक्षा नऊ पटींहून अधिक विखुरतो. रॅली यांनी हा नियम १८७१ मध्ये मांडला आणि धूळ नसली तरी नुसत्या हवेचे रेणू त्यासाठी पुरेसे आहेत, हे १८९९ मध्ये दाखवले. जांभळ्याचे उत्तर असे, की सूर्यप्रकाशात जांभळा भाग मुळात निळ्यापेक्षा कमी असतो आणि आपले डोळेही त्याला कमी प्रतिसाद देतात. या सर्व मिश्रणाचा आपल्याला जाणवणारा रंग निळा.

तिला एक प्रयोग करायला सांगा. काचेच्या उंच ग्लासात पाणी घेऊन दुधाचे दोन-चार थेंब घालावेत आणि अंधाऱ्या खोलीत एका बाजूने टॉर्च लावावा. बाजूने पाहिल्यास पाणी किंचित निळसर आणि टॉर्चच्या समोरून पाहिल्यास पिवळट दिसेल. सूर्य मावळताना आपण समोरूनच पाहत असतो, आणि त्या वेळी प्रकाशाला माथ्यावरच्या सूर्याच्या तुलनेत सुमारे ३८ पट अधिक हवा ओलांडावी लागते.

ए-६०३ : मग थंडीत आपल्याकडचे आकाश पांढुरके का असते? पाऊस गेल्यावर ऑक्टोबरात ते किती निळे होते!

सी-२०१ : धूळ आणि धुराचे कण प्रकाशाच्या तरंगलांबीएवढे किंवा त्याहून मोठे असतात. ते सर्व रंग जवळजवळ सारखेच विखुरतात, म्हणून पांढुरकेपणा येतो. पाऊस हे कण धुऊन काढतो.

सूर्य मावळल्यानंतर माथ्यावर जी गडद निळाई राहते, तिला मात्र रॅलींचा नियम पुरत नाही. तिच्यात मोठा वाटा ओझोनच्या थराने नारिंगी-पिवळा प्रकाश शोषण्याचा आहे, असे एडवर्ड हलबर्ट यांनी १९५३ मध्ये दाखवले. म्हणजे दिवसा आकाश एका कारणाने निळे असते आणि तिन्हीसांजेला बरेचसे दुसऱ्या.

बी-४०२ : शेवटचा प्रश्न. पाणी स्वभावतःच निळे असेल, तर दादर चौपाटीचा समुद्र मातकट हिरवा का? आणि लक्षद्वीपचा फिरोजी कसा?

सी-२०१ : आपल्या बाजूला मिठी नदी माहीमच्या खाडीत गाळ आणून सोडते. गाळाचे कण प्रकाश खोल जाण्यापूर्वीच परत फेकतात. त्यात कुजलेल्या वनस्पतींतून विरघळलेले पिवळट द्रव्य आणि सूक्ष्म वनस्पतींमधील हरितद्रव्य निळा प्रकाश शोषून घेतात. तांबडा पाण्याने नेला, निळा या दोघांनी नेला, मधला हिरवा उरला. लक्षद्वीपच्या लगूनमध्ये पाणी उथळ आणि नितळ, खाली प्रवाळाची पांढरी वाळू. तिथे फक्त तांबडा कमी होतो आणि निळा व हिरवा दोन्ही परत येतात.

सेक्रेटरी : चर्चा उद्बोधक झाली. मग पाणी निळे दिसते ते शुद्ध आहे म्हणूनच, असे सर्वांना कळवावे का?

सी-२०१ : तसे कळवू नये. निळी छटा दिसणे स्वाभाविक आहे, एवढेच म्हणता येईल. जंतू रंगावरून कळत नाहीत, आणि तांब्याचे क्षार असले तरी पाणी निळसर होते. नमुना प्रयोगशाळेत द्यावा.

सेक्रेटरी : उद्या सकाळी नमुना पाठवतो. अहवाल येताच ग्रुपवर टाकेन.

सी-५०२ : माझी एक सूचना आहे. पुढील वर्षी टाकीच्या टाइल्स बदलायच्याच आहेत, तर पांढऱ्याऐवजी बदामी लावाव्यात, म्हणजे निळ्या पाण्याची तक्रार पुन्हा येणार नाही.

सी-२०१ : बदामी टाइल्स निळा प्रकाश कमी परावर्तित करतील आणि तांबडा पाणी शोषून घेईल. तेव्हा पाणी हिरवट दिसेल आणि ए-६०३ ताई शेवाळ्याची तक्रार करतील. पांढऱ्याच ठेवाव्यात.