मदत हवी आहे: बहुपदींचा गुणाकार चुकतोय, पण पडताळा जुळतोय

मुक्काम इंदूर. नववीतल्या भाचीसाठी विचारतेय. एक्सच्या जागी क्ष लिहिलाय.

(२क्ष³ − ५क्ष + ३)(क्ष² − ४क्ष − २)

तिने नुसते सहगुणक मांडले: २, −५, ३ आणि १, −४, −२.
तिचं उत्तर: २क्ष⁴ − १३क्ष³ + १९क्ष² − २क्ष − ६
पुस्तकातलं: २क्ष⁵ − ८क्ष⁴ − ९क्ष³ + २३क्ष² − २क्ष − ६

क्ष = १ घातलं की दोन्ही उत्तरं ० येतात आणि मूळ गुणाकारही ०. मग चूक शोधायची कुठे?

प्रतिसाद १
ताई, पुस्तक बरोबर आहे. पहिल्या बहुपदीत क्ष² चं पद नाही, म्हणून सहगुणक रूपात तिथे ० मांडावाच लागतो: २, ०, −५, ३. २०५३ मधलं शून्य गाळलं की २५३ उरतात, तसं इथे २क्ष³ चं २क्ष² झालं. कोटी, म्हणजे बहुपदीतला सर्वांत मोठा घातांक, पाहिली तरी लगेच कळतं. ३ आणि २ कोटीच्या बहुपदींचा गुणाकार ५ कोटीचाच येणार, तिचा ४ चा आहे.

हात बसेपर्यंत तिला पूर्ण पदं लिहू द्या:

२क्ष³ ने: २क्ष⁵ − ८क्ष⁴ − ४क्ष³
−५क्ष ने: −५क्ष³ + २०क्ष² + १०क्ष
३ ने: ३क्ष² − १२क्ष − ६

तीन गुणिले तीन, नऊ पदं मोजून घ्यायची. मगच सरूप, म्हणजे क्षचा घातांक सारखा असलेल्या, पदांची बेरीज. वजा चिन्ह पदाबरोबरच उचलायचं. +२०क्ष² इथे हमखास घसरतं. आणि बेरजेत घातांक बदलत नाही: −४क्ष³ − ५क्ष³ म्हणजे −९क्ष³. घातांकांची बेरीज फक्त गुणाकारात.

प्रतिसाद २
पडताळ्याबद्दल. १ चा कुठलाही घात १ च, त्यामुळे क्ष = १ घातल्यावर फक्त सहगुणकांची बेरीज तपासली जाते. घातांकाची चूक त्यात दिसतच नाही, आणि भाचीची चूक नेमकी तीच आहे. २ घाला: ९ × (−६) = −५४. पुस्तकाचं उत्तर −५४ येतं, तिचं −६. एखाद्या पदाचं नुसतं चिन्ह किंवा नुसता घातांक चुकला असेल तर २ घालताच उघडं पडतं.

प्रश्नकर्ती
समजलं, आभार! शाळेत चौकटींची पद्धतही दाखवली आहे. ती चालेल का?

प्रतिसाद १
उत्तम चालेल. खजुरी बाजारातून चौकटीची वही आणा. डावीकडे २क्ष³, ०क्ष², −५क्ष, ३ अशा चार ओळी, वर क्ष², −४क्ष, −२ असे तीन स्तंभ. सरूप पदं तिरक्या रेषेत येतात: −४क्ष³, ०क्ष³, −५क्ष³. शून्याची ओळ सोडली तर मात्र ही रेषा मोडते आणि −८क्ष⁴ च्या रेषेत −५क्ष³ येऊन बसतं. भाचीच्या −१३ चा उगम तिथेच आहे.