अनुभव धागा: शाळेच्या बूस्टर क्लबचा हिशेब

अमेरिकेत मूल शाळेच्या संघात खेळू लागलं की आईबाबाही बूस्टर क्लबात, म्हणजे संघासाठी पैसे उभे करणाऱ्या पालकांच्या मंडळात येतात. खाऊच्या स्टॉलला माणसं मिळतात, खजिनदार मिळत नाही. ज्यांनी हे काम केलं आहे, त्यांनी अनुभव जरूर लिहा.

खजिनदार, सॉकर
आमच्याकडे सगळ्यात मोठा वाद झाला तो ‘जो जितकं विकेल तितकी त्याच्या मुलाची फी कमी’ या मागणीवरून. काही पालक दर शनिवारी राबायचे, काही फिरकायचेही नाहीत. त्यामुळे राबणाऱ्यांची चिडचिड मला पटत होती. पण करकायद्याच्या ५०१(सी)(३) कलमाखाली करमुक्त असलेल्या क्लबचा पैसा सगळ्या संघाचा असतो. कॅपिटल जिम्नॅस्टिक्स बूस्टर क्लबात पालकांना विक्रीवर गुण मिळत आणि त्यातून त्यांच्याच मुलांचा खर्च भागे. आयआरएसने, म्हणजे अमेरिकेच्या करखात्याने, क्लबचा करमुक्त दर्जा काढला आणि २०१३ मध्ये टॅक्स कोर्टानेही तेच कायम केलं. सभेत मी हे सगळं सांगितलं. तरी काही कुटुंबं नाराज झाली, त्याचं वाईट वाटतं. आता ज्यांना फी जड जाते त्यांच्यासाठी वेगळा निधी ठेवलाय. त्यात फक्त गरज बघतो.

स्टॉल सांभाळणारी आई
सामना संपला की गल्ला दोघींनी तिथेच मोजायचा, कागदावर दोघींनी सह्या करायच्या. ‘विश्वास नाही का?’ असं विचारणारे भेटतात. अहो, उद्या रक्कम कमी भरली तर एकटीवर बोट येऊ नये म्हणूनच हे! बँकेचं स्टेटमेंटही चेकवर सही न करणाऱ्या कुणीतरी दरमहा तपासावं.

सचिव
आधीच्या समितीने फॉर्म ९९०-एन, म्हणजे करमुक्त संस्थांनी आयआरएसला दरवर्षी द्यायची छोटी माहिती, भरलाच नव्हता. वार्षिक जमा साधारणपणे ५०,००० डॉलरपर्यंत असेल तर तो ऑनलाइन, फुकट भरता येतो. सलग तीन वर्षं राहिला की करमुक्त दर्जा आपोआप जातो. आर्थिक वर्ष ३० जूनला संपत असेल तर मुदत १५ नोव्हेंबर. नव्या समितीला पासवर्डसोबत ही तारीखही लेखी द्या.

सॉफ्टबॉलवाल्या मुलीचे बाबा
मुलांच्या बेसबॉलला बूस्टरच्या पैशातून नवा स्कोअरबोर्ड आला, मुलींचं मैदान तसंच राहिलं. ‘पैसा आमचा’ हे उत्तर चालत नाही. १९७२ च्या टायटल नाइन कायद्याने, देणगी कुणाचीही असो, मुलामुलींना समान सोयी देणं ही शाळेची जबाबदारी आहे. अ‍ॅथलेटिक डायरेक्टरांना (शाळेच्या क्रीडा विभागाच्या प्रमुखांना) लेखी पत्र दिल्यावर विषय पुढे सरकला. आता मोठी देणगी स्वीकारण्याआधी आमचा क्लब शाळेला विचारतो.